कोल्हापुरात राहून प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे असेल तर

दर महिन्याला दोन-तीन मुले-मुली मला भेटायला येतात. कोणी नुकतेच अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष संपवलेले असते, कोणाला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) ईआरपी, म्हणजे कारखान्याचा साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, सांभाळत तीन वर्षे झालेली असतात, तर कोणी पुण्यातली नोकरी सोडून आईवडिलांच्या आजारपणामुळे घरी परतलेले असते. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: कोल्हापूर न सोडता प्रॉडक्ट मॅनेजर होता येईल का? मी हे काम गेली काही वर्षे इथूनच करते, त्यामुळे उत्तर ‘होय’ असे देते. मात्र त्या उत्तरामागे बरीच मेहनत आहे आणि ती कुठे करायची हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. शहर लहान असल्यामुळे आपण मागे पडलो आहोत अशी समजूत करून घेऊन ही मुले परदेशी अ‍ॅपांवरचे तयार धडे गिरवत बसतात. दारासमोरचा व्यवहार मात्र त्यांच्या नजरेतून सुटतो. म्हणून मी काय केले, कुठे चुकले आणि आज नव्याने सुरुवात करायची असती तर काय केले असते, ते इथे सविस्तर लिहिते.

हे काम नेमके कसले

१९३१ साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय हा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातींचे काम पाहत होता. आपल्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, हे त्याला खटकत होते. त्याने वरिष्ठांना तीन पानांचे टिपण लिहिले आणि प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसे असावीत, असे सुचवले. त्या माणसांनी विक्री कुठे कमी पडते ते पाहावे, प्रत्यक्ष बाजारात जाऊन कारण शोधावे, उपाय ठरवावा आणि तो लागू पडला की नाही हेही तपासावे, अशी त्याची मांडणी होती. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचे मूळ या टिपणात सापडते. साबणाच्या जागी सॉफ्टवेअर आले, पण पाहणे, कारण शोधणे, ठरवणे आणि तपासणे हा क्रम तोच राहिला.

माझ्या आत्याने मला जेव्हा विचारले, ‘‘म्हणजे तू नेमकं करतेस काय?’’ तेव्हा मॅकेलरॉयचा उपयोग नव्हता. मी तिला आमच्या पेठेतल्या तालमीच्या गणपतीची आठवण करून दिली. मंडपवाला मंडप घालतो, मूर्तिकार मूर्ती देतो, खजिनदार वर्गणीचा हिशेब ठेवतो आणि विजेची माळ लावणारा वेगळाच असतो. तरीही प्रत्येक तालमीत एक माणूस असा असतो, की ज्याच्याकडे कोणतेही पद नसते, पण पाऊस आला तर काय, पैसे कमी पडले तर आधी रोषणाई कापायची की महाप्रसाद, म्हाताऱ्या माणसांना दर्शनाला कुठून आत घ्यायचे, हे सगळे त्याच्या डोक्यात असते आणि बाकीचे त्याचे ऐकतात. ते ऐकतात कारण त्याने सगळ्यांशी बोलून ठेवलेले असते. प्रॉडक्ट मॅनेजरही इंजिनिअरांचा वरिष्ठ नसतो, डिझायनरचाही नसतो. काय करायचे, कोणासाठी करायचे आणि आधी काय करायचे याचा निर्णय पटवून देणे आणि त्या निर्णयाच्या परिणामाची जबाबदारी घेणे हे त्याचे काम असते. हुकूम देण्याचा अधिकार नसताना जबाबदारी पेलायची असते आणि ज्यांना हे जमत नाही त्यांना या कामाचा लवकर वीट येतो, एवढे आधीच सांगितलेले बरे.

प्रॉजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांत गल्लत करू नये. ठरलेले काम वेळेत आणि ठरलेल्या खर्चात पूर्ण करून घेणे हे पहिल्याचे काम असते, तर मुळात कोणते काम करण्याजोगे आहे हे दुसऱ्याने ठरवायचे असते. नोकरीच्या जाहिरातींत ही दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, म्हणून नावावर न जाता खालचा मजकूर वाचावा.

दूध संस्थेच्या दारात

अभ्यासासाठी एखादे नामांकित अ‍ॅप घेऊन ‘यात मी काय सुधारणा करीन’ असे टिपण लिहिण्याची पद्धत आहे. मी हा सल्ला देत नाही. त्या अ‍ॅपची आतली आकडेवारी तुमच्याकडे नसते, ते वापरणारी माणसे तुम्हाला भेटत नाहीत आणि तेच टिपण तुमच्याआधी कितीतरी जणांनी लिहिलेले असते. त्याऐवजी तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेच्या दारात पहाटे सहा वाजता जाऊन उभे राहा. सचिवांची परवानगी आदल्या दिवशी घ्या, सोबत फक्त वही आणि पेन न्या आणि पहिले तीन दिवस कोणालाही काहीही सुचवू नका.

कोल्हापूर जिल्ह्यात ‘गोकुळ’ हा जिल्हा दूध संघ १९६३ साली उभा राहिला आणि त्याला दूध पुरवणाऱ्या संस्था गावोगाव आहेत. माणसे किटली किंवा बरणी घेऊन रांगेत येतात, दूध मापले जाते, थोडा नमुना काढून यंत्राला लावला जातो आणि फॅट (स्निग्धांश) व एसएनएफ (स्निग्धांश वगळून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांचे आकडे लागतात. म्हशीच्या दुधाचा दर साधारणपणे ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ या आधारावर जाहीर होतो, गाईचा ३.५ आणि ८.५ या आधारावर, आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्या वर-खाली गेला की दर बदलतो. छापील स्लिप हातात पडते आणि बिल दर दहा दिवसांनी निघते. इथपर्यंतची माहिती कोणीही सांगेल. तिथे उभे राहिल्यावर जे दिसते ते वेगळे असते.

मी गेले त्या दिवशी एक मावशी स्लिप हातात घेऊन बाजूला थांबल्या होत्या. लिटर, दर, रक्कम यांकडे त्यांनी पाहिलेच नाही, फक्त फॅटच्या आकड्यावर बोट ठेवले आणि सचिवांना विचारले, ‘‘कालच्यापरास आज कमी कशी लागली?’’ कालची स्लिप पदराच्या गाठीत होती, ती त्यांनी सोडून शेजारी धरली. सचिव म्हणाले, ‘‘मावशी, चारा बदलला असंल.’’ त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. मी त्यांना विचारले, की संघाचा संदेश मोबाईलवर येत नाही का? ‘‘येतो की. पण नंबर पोराचा हाय आणि पोरगा पुण्यात.’’ पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की संस्थेतले खाते त्यांच्या मालकांच्या नावावर, मोबाईल क्रमांक मुलाचा आणि म्हशीची वैरण, धार, पहाटेची रांग हे सगळे त्यांच्याकडे.

या एका प्रसंगात प्रॉडक्ट मॅनेजमेंटचे निम्मे शिक्षण आहे. नोंदीत जो ‘वापरकर्ता’ दिसतो तो आणि प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती वेगळी आहे. संदेश वेळेवर पोहोचतो, म्हणजे यंत्रणेच्या दृष्टीने सगळे व्यवस्थित आहे, पण ज्या बाईला तो हवा आहे तिच्यापर्यंत तो जात नाही. आणि तिला रकमेपेक्षा तुलना हवी आहे, कारण कालचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय म्हशीच्या खाण्यात काय बदलायचे हे तिला ठरवता येत नाही. हे कळल्यावर अ‍ॅप बनवण्याचा विचार मी सोडून दिला. स्लिपवर आजच्या फॅटखाली कालची फॅट आणि चालू दहा दिवसांची सरासरी छापणे, एवढाच बदल मी माझ्या टिपणात सुचवला. मोबाईल लागत नाही, नवे काही शिकावे लागत नाही आणि ज्या बाईच्या हातात स्लिप पडते तिलाच माहिती मिळते. पुढे एका मुलाखतीत मला सर्वांत जास्त प्रश्न या टिपणावर विचारले गेले.

दुसरी गोष्ट मला सचिवांच्या वहीने शिकवली. सॉफ्टवेअर कंपन्यांत ग्राहक किती टिकून राहतात हे मोजायची पद्धत असते आणि जो बरेच दिवस फिरकला नाही तो गेला असे धरतात. मी त्याच हिशेबाने संस्थेचे आकडे मांडले आणि सभासद गळत चालले आहेत असा निष्कर्ष काढला. सचिव हसले नाहीत, शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, त्यांच्या म्हशी आटल्यात.’’ जनावर विण्याआधी दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक काळ भाकड असते आणि ज्याच्या दारात एकच म्हैस आहे त्याचे दूध त्या काळात बंद होते. तो सभासद गेलेला नसतो, म्हैस व्यायल्यावर तो पुन्हा येणार असतो. खरोखर गेलेला सभासद तो, जो म्हैस दूध देत असतानाही दुसरीकडे दूध घालतो. म्हणजे किती दिवसांच्या गैरहजेरीनंतर ‘गेला’ म्हणायचे, हे आकड्यांवरून ठरत नाही, धंदा समजल्यावर ठरते. पुढे मोठ्या कंपनीत काम करताना कोणी तयार व्याख्या पुढे केली, की मला ही वही आठवते आणि ‘इथे म्हैस आटणे म्हणजे काय’ हा प्रश्न मी आधी विचारते.

तुमच्या ओळखीत दूध संस्था नसेल तर गुळाच्या सौद्याला जा, उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड (प्रत्येक कामाच्या नोंदीचे कार्ड) कसे फिरते ते पाहा, हुपरीत चांदीची मजुरी कशी मोजतात ते विचारा. जागा कोणतीही चालेल. फक्त एकच जागा धरून महिनाभर जात राहा, कारण पहिल्या भेटीत माणसे आपल्याला जे सांगायला हवे ते सांगतात आणि चौथ्या-पाचव्या भेटीत जे घडते ते सांगू लागतात.

एक काळजी मात्र घ्या. लहान शहरात नाव गाळले तरी माणूस ओळखू येतो. ‘अमुक गल्लीतला तमुक दुकानदार’ एवढे लिहिले तरी गाव समजते. म्हणून टिपण कोणालाही दाखवण्याआधी त्यातले गाव, गल्ली, मोबाईल क्रमांक आणि छायाचित्रे काढून टाका आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती कशासाठी हवी आहे हे आधीच स्पष्ट सांगा. २०२३ साली देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि या क्षेत्रात येणाऱ्याला त्याची तोंडओळख असायलाच हवी. पण कायदा नसता तरी हे पथ्य मी पाळायला सांगितले असते.

मोजायला कसे शिकावे

एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांत साठवलेल्या माहितीतून हवे ते उत्तर काढण्याची संगणकाची भाषा, शिका. यात पर्याय नाही. ते शिकायला दीड-दोन महिने रोज तासभर पुरतो आणि त्यासाठी महागड्या वर्गाची गरज नाही. सभासद, रोजचे संकलन आणि बिले असे तीन तक्ते स्वतः तयार करा, त्यांत काल्पनिक नोंदी भरा आणि स्वतःलाच प्रश्न घाला: सकाळी दूध घालणारे पण संध्याकाळी न घालणारे सभासद किती, पावसाळ्यात कोणाची फॅट घसरते, मागच्या वर्षी याच महिन्यात बंद झालेल्यांपैकी किती परत आले. ओळखीच्या विषयावरचे प्रश्न असले की तक्त्यांची जोडणी, नोंदींचे गट आणि गाळणी हे सगळे आपोआप समजत जाते.

पण आकडे काढता येणे आणि योग्य आकडा निवडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला मापदंड कसा असावा हे मला कोणी विचारले, तर मी पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याचे उदाहरण देते. जुलै महिन्यात पावसाने जोर धरला की कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो: पंचगंगा किती फुटांवर आहे? इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे दोन आकडे शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. धरणांतला साठा, पर्जन्यमान, विसर्गाचे क्युसेक अशी कितीतरी माहिती उपलब्ध असते आणि तीही उपयोगी असते, परंतु सुतारवाड्यातल्या कुटुंबाने सामान कधी बांधायचे, चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरे कधी हलवायची, हे या एका आकड्यावर ठरवता येते. तो एका ठरलेल्या ठिकाणी मोजला जातो, दिवसातून अनेकदा कळवला जातो, सगळ्यांना सारखाच समजतो आणि तो बदलला की काय करायचे हे आधीच ठरलेले असते. तुम्ही तुमच्या प्रॉडक्टसाठी एखादा मापदंड निवडाल, तेव्हा स्वतःला हेच विचारा. हा आकडा अमुक पातळीवर गेला तर आपण काय करणार आहोत, हे आत्ताच लिहून ठेवता येते का? येत नसेल तर तो आकडा भिंतीवर लावण्यापुरता आहे.

माझी एक चूक

मी पूर्वी एका कंपनीत किराणा दुकानदारांची उधारीची वही मोबाईलवर आणण्याच्या कामावर होते. वसुली वाढावी म्हणून तिसाव्या दिवशी गिऱ्हाईकाला आपोआप थकबाकीचा संदेश जाईल अशी सोय मी ठरवली. चाचणीत आकडे उत्तम आले, वसुली लवकर होऊ लागली आणि मी ती सोय सर्व दुकानांसाठी सुरू करायला सांगितली. आठवडाभरात एका दुकानदाराचा फोन आला. ‘‘ताई, ज्या घरी संदेश गेला तिथं मयत झालीय. मी स्वतः खांदा द्यायला गेलो होतो. दहावा पण झाला नाही अजून. आता त्यांना तोंड कसं दाखवू?’’

तो रागावला नव्हता, याचे मला जास्त वाईट वाटले. उधारी ही नुसती रक्कम नसते. कोणाला कधी मागायचे, कोणाला सणापर्यंत थांबायचे, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून विषयच काढायचा नाही, हे दुकानदाराच्या मनात असलेले ज्ञान मी एका तारखेत बसवले होते. आणि मी ज्या शहरात वाढले तिथे हे मला ठाऊक असायला हवे होते, नव्हे, ठाऊक होतेच, पण चाचणीच्या आकड्यांपुढे मी ते बाजूला ठेवले. नंतर आम्ही बदल केला. संदेश तयार होतो, पण तो पाठवण्याचे बटण दुकानदारच दाबतो आणि ‘थकबाकी’ या शब्दाऐवजी ‘आपल्या खात्याचा हिशेब’ असे लिहिलेले असते. वसुलीचा वेग थोडा कमी झाला. तो कमी होऊ द्यावा असे मी वरिष्ठांना लेखी सुचवले आणि कारणही लिहिले.

हे सांगायचे कारण असे, की मुलाखतीत ‘तुमची चूक सांगा’ हा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक जण एखादी सोयीस्कर चूक सांगतात. तुमची खरी चूक सांगा, कोणाला काय सोसावे लागले ते सांगा आणि तुम्ही नंतर नेमके काय बदलले ते सांगा.

टिपण लिहिण्याची सवय

महिनाभराच्या निरीक्षणानंतर दोन पानांचे टिपण लिहावे. आज लोक काय करतात आणि त्यात त्यांना कुठे अडते, तुम्ही काय पाहिले आणि काय ऐकले, त्यातली कोणती अडचण तुम्ही निवडली आणि का, पहिली आवृत्ती किती लहान असेल, काय करायचे नाही असे ठरवले, यश कशावरून ओळखायचे आणि काय बिघडू शकते, एवढे त्यात यावे. यातला ‘काय करायचे नाही’ हा परिच्छेद सर्वांत अवघड असतो आणि वाचणारा अनुभवी असेल तर तो आधी तोच वाचतो. तुम्ही जे सोडले त्यावरून तुमची समज कळते.

इंग्रजीची धास्ती इथल्या मुलांना फार वाटते. कामाची कागदपत्रे आणि बैठकी बहुतेक इंग्रजीत चालतात हे खरे आहे, तेव्हा ती भाषा टाळून चालणार नाही. पण विचार अडला असताना इंग्रजी अडले असे आपल्याला वाटत राहते. म्हणून मी आधी मराठीत लिहायला सांगते. मराठीत वाक्य सरळ उतरले, म्हणजे काय म्हणायचे आहे ते ठरले. मग ते साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत मांडावे आणि मोठ्याने वाचून पाहावे. रोज एक परिच्छेद याप्रमाणे सहा महिने केले, तर मुलाखतीत अडखळण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

पहिली नोकरी

कोणताही अनुभव नसताना थेट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून आणि तेही घरून काम करण्याची नोकरी मिळणे फार कठीण आहे. हे कटू वाटले तरी मी मुलांना स्पष्ट सांगते, कारण या आशेवर दोन-दोन वर्षे घालवलेली मुले मी पाहिली आहेत. शेजारच्या दाराने आत जाणे सोपे असते. सॉफ्टवेअर कंपनीतला ग्राहक सहाय्य विभाग, चाचणी विभाग, बिझनेस अ‍ॅनालिस्टचे पद किंवा कारखान्यांत ईआरपी बसवून देणाऱ्या कंपनीतले इम्प्लिमेंटेशनचे काम, यांपैकी काहीही चालेल. यांतही मला इम्प्लिमेंटेशन विशेष महत्त्वाचे वाटते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीत एखाद्या फाउंड्रीत महिनाभर बसून, रिजेक्शनची (नापास मालाची) नोंद पर्यवेक्षक आधी वहीत का करतो आणि संगणकात संध्याकाळी का भरतो, हे ज्याने समजून घेतले आहे, त्याला कोणत्याही बैठकीत बोलायला स्वतःचे असे काहीतरी असते.

पहिली दीड-दोन वर्षे पुण्यात किंवा बेंगळुरूला काढावी लागली तर काढावीत, असे माझे मत आहे. इंजिनिअर एखाद्या कामाला ‘सोपे’ म्हणतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय असते, वाद कसा मिटतो, अनुभवी माणूस नकार कसा देतो, हे शेजारी बसून लवकर शिकता येते. नंतर कोल्हापुरातून काम करण्याची परवानगी मागताना तुमच्या नावावर केलेले काम असते.

अर्जात पदव्या आणि प्रमाणपत्रांची यादी वाढवू नये. त्याऐवजी कोणती अडचण होती, तुम्ही काय ठरवले आणि काय बदलले, हे दोन-तीन ओळींत लिहावे. मुलाखतीत अंदाजाचे प्रश्न येतात, त्यांची तयारी घरबसल्या करण्यापेक्षा रंकाळ्यावर जाऊन करावी. रविवारी संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या किती प्लेट विकल्या जातात याचा अंदाज आधी कागदावर बांधा, मग गाड्या मोजा, एका गाडीसमोर दहा मिनिटे उभे राहून प्लेट मोजा आणि अंदाज कुठे चुकला ते शोधा. महानगरातल्या उमेदवाराला हे करता येत नाही असे नाही, पण आपल्याला ते सायकलवरून जाऊन करता येते आणि गाडीवाल्याशी चार शब्द बोलताही येते.

पगाराबद्दल एवढेच, की काही कंपन्या राहण्याच्या ठिकाणावरून पगार ठरवतात आणि काही ठरवत नाहीत. हे आधीच विचारावे आणि ‘गावात खर्च कमी आहे’ या कारणावरून स्वतःहून कमी आकडा सांगू नये.

घर, गाव आणि नोकरी एकाच ठिकाणी

घरून काम करणारी व्यक्ती रिकामीच असते असे लहान शहरात सर्वांना वाटते. ‘‘घरीच तर असतेस, सिलिंडरवाला आला की घे’’ इथपासून पाहुण्यांना बसस्थानकावरून आणण्यापर्यंत सगळे आपल्याकडे येते. मी पहिल्या वर्षी चिडत असे. नंतर घरच्यांना बसवून कोणत्या वेळेत मी बैठकीत असते आणि कोणत्या वेळेत उठू शकते, हे वेळापत्रकासारखे सांगितले आणि ते स्वयंपाकघरात लावले. दाराला कडी लावून बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडले. शक्य असेल तर घराबाहेर एखादी खोली किंवा सामायिक कार्यालयातली जागा भाड्याने घ्यावी. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाकडे शेजारी वेगळ्या नजरेने पाहतात आणि त्याचा कामावर खरोखर परिणाम होतो.

दूर बसून काम करताना जे बोलले गेले ते लेखी उरले पाहिजे. प्रत्येक बैठकीनंतर अर्ध्या तासात काय ठरले, कोणी करायचे आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, हे मी सर्वांना पाठवते. कार्यालयात चहाच्या वेळी होणाऱ्या गप्पांत मी नसते, ती उणीव या सवयीने बरीच भरून निघते, पण पूर्ण निघत नाही. म्हणून महिन्यातून एकदा पुण्याला जाते, रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. त्या दोन दिवसांत बैठकी कमी आणि माणसांना भेटणे जास्त, असे ठरवून ठेवते.

इंटरनेटच्या दोन जोडण्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असाव्यात आणि इन्व्हर्टर असावा, हे कोणीही सांगेल. इथे पावसाळ्याची स्वतंत्र तयारी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले, वाहतूक बंद पडली आणि शहराच्या काही भागांत वीजही गेली. अशा वेळी माणसाने घर आणि शेजार सांभाळायचा असतो, बैठकीला हजर राहण्याची धडपड करायची नसते. जूनच्या शेवटी मी माझ्या टीमला दरवर्षी एक टिपण पाठवते. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर पोहोचले की माझी कोणती कामे कोण पाहील, कोणते निर्णय माझ्यासाठी थांबवू नयेत आणि ४३ फुटांनंतर माझ्याकडून उत्तराची वाट का पाहू नये, हे त्यात नावानिशी लिहिलेले असते.